लूपबॅकचा मास्क: सात-बारावर एक, दवंडीत दुसरा

दिग्रसच्या राउटरवर लूपबॅक इंटरफेसला १०.२०.३०.१ हा पत्ता द्यावा, मास्क २५५.२५५.२५५.० असा लिहावा, ओएसपीएफ (राउटर एकमेकांना मार्ग कळवतात तो एक प्रोटोकॉल) सुरू करावे आणि मग नेरच्या राउटरवर जाऊन राउटिंग टेबल, म्हणजे मार्गांचा तक्ता, उघडावे. तिथे १०.२०.३०.०/२४ हे नेटवर्क दिसेल (/२४ म्हणजे तोच २५५.२५५.२५५.० हा मास्क, थोडक्यात लिहिलेला) अशी आपली अपेक्षा असते. प्रत्यक्षात दिसते ते १०.२०.३०.१/३२. संध्याकाळच्या वर्गात मी हा प्रयोग करून घेतो, तेव्हा दर तुकडीत कोणीतरी मास्क चुकला असे समजून दिग्रसच्या राउटरवर तो पुन्हा टाइप करतो. तरीही टेबलात /३२ च येतो, आणि मग विद्यार्थी माझ्याकडे पाहू लागतात.

हे राउटर खरे नाहीत, हे आधी सांगितले पाहिजे. तालुक्याच्या गावी एका खोलीत, एका जुन्या लॅपटॉपवर सिम्युलेटरमध्ये ते चालतात आणि भारनियमनाच्या वेळापत्रकाप्रमाणे बंद पडतात. नावे मात्र यवतमाळ जिल्ह्यातील आहेत: नेर, दारव्हा आणि दिग्रस, एका ओळीत, दारव्हा मध्ये. मुलांना हा रस्ता पाठ असल्यामुळे नेरहून दिग्रसला जाणारे पॅकेट, म्हणजे माहितीचा तुकडा, दारव्ह्यावरूनच जाणार, हे वेगळे समजावावे लागत नाही.

राउटरच्या प्रत्येक पोर्टला स्वतःचा पत्ता असतो, परंतु तो पत्ता त्या पोर्टाच्या नशिबाला बांधलेला असतो. रस्ता रुंदीकरणाच्या कामात जेसीबीने फायबर तोडली की पोर्ट बंद होतो, आणि पोर्ट बंद झाला की त्याचा पत्ताही टेबलातून जातो. राउटर मात्र दुसऱ्या वाटेने जिवंत असतो. यासाठी राउटरच्या आत सॉफ्टवेअरने तयार केलेला, कोणत्याही तारेशी संबंध नसलेला एक इंटरफेस ठेवतात, तोच लूपबॅक. आपल्याकडच्या काळ्या मातीत पावसाळ्यात शेताची पांधण बंद होते, पण म्हणून शेताचा गट क्रमांक बदलत नाही. लूपबॅकचा पत्ता हा राउटरचा असा गट क्रमांक असतो. दुरून लॉगिन करणे, बीजीपी या दुसऱ्या राउटिंग प्रोटोकॉलची सत्रे बांधणे, देखरेखीच्या यंत्रणेत नोंद करणे ही कामे याच पत्त्यावर करतात. (आपल्या संगणकावरचा १२७.०.०.१ हा पत्ताही लूपबॅकच म्हणवतो, परंतु तो यंत्राबाहेर कधीच जात नाही. येथे त्याचा विषय नाही.)

आता मास्क. आयपी पत्ता ३२ बिटांचा असतो आणि त्यातील सुरुवातीचे किती बिट संपूर्ण नेटवर्काला सामायिक आहेत, हे मास्क सांगतो. /२४ म्हणजे २४ बिट सामायिक आणि उरलेल्या ८ बिटांत २५६ पत्ते. /३० म्हणजे ४ पत्ते. /३२ म्हणजे एकच पत्ता, त्याला शेजारी नाही. सात-बारावर जसा गट क्रमांकासमोर क्षेत्राचा आकडा असतो आणि त्या आकड्याशिवाय धुरा कुठे संपतो हे कळत नाही, तसाच मास्कशिवाय पत्ता अपुरा असतो.

लूपबॅकच्या पलीकडे तार नाही, स्विच नाही, दुसरे यंत्र नाही. म्हणजे त्या २५६ पत्त्यांपैकी नांदता पत्ता एकच असतो आणि बाकीचे २५५ कागदावरच राहतात. असे असताना राउटरने शेजाऱ्यांना काय सांगावे: संपूर्ण क्षेत्र आपले आहे असे, की आपण या एका पत्त्यावर भेटतो असे? दोन्ही उत्तरांच्या बाजूने बोलता येते, आणि वेगवेगळ्या प्रोटोकॉलांनी वेगवेगळे उत्तर निवडले आहे. तलाठ्याच्या दप्तरात काय लिहिले आहे आणि कोतवालाने दवंडी काय पिटली, या दोन निराळ्या गोष्टी आहेत. इंटरफेसवर लिहिलेला मास्क ही दप्तरातील नोंद. शेजाऱ्याच्या टेबलात पोचतो तो दवंडीतला मास्क.

सर्वांत जुन्या दवंडीत क्षेत्राचा उल्लेखच नव्हता. रिप या राउटिंग प्रोटोकॉलची पहिली आवृत्ती १९८८ साली आरएफसी १०५८ या इंटरनेटच्या तांत्रिक दस्तऐवजात नोंदवली गेली, आणि तिच्या संदेशात मास्कसाठी जागाच ठेवलेली नाही. ऐकणाऱ्याने अंदाज बांधायचा असतो: संदेश ज्या इंटरफेसवर आला तो त्याच मोठ्या नेटवर्कातील असेल, तर आपल्या त्या इंटरफेसचा मास्क लावायचा; नसेल, तर पत्त्याच्या पहिल्या आकड्यावरून ठरणाऱ्या वर्गाप्रमाणे /८, /१६ किंवा /२४ धरायचा. आमच्या प्रयोगात दारव्हा ते दिग्रस ही जोडणी १०.२०.२.०/२४ अशी ठेवली, तर लूपबॅकचा /२४ दारव्ह्याला बरोबर मिळतो, आणि मुलांना वाटते की रिपने मास्क सांगितला. मग मी जोडणीचा मास्क /३० करायला लावतो. सिस्को या कंपनीच्या राउटरवर अशा वेळी, बाहेर पडणाऱ्या इंटरफेसचा मास्क आणि लूपबॅकचा मास्क जुळत नसल्यामुळे, लूपबॅकची जाहिरातच थांबते. कोणतीही सूचना येत नाही, चूकही दाखवली जात नाही. मार्ग नुसता नाहीसा होतो. पुढे जोडणी १९२.१६८.१.० या वेगळ्या नेटवर्कात टाकली, तर लूपबॅकचा मार्ग १०.०.०.०/८ असा फुगून बाहेर पडतो. एका खेड्यातील एका घरासाठी संपूर्ण विदर्भावर हक्क सांगावा, तसे ते होते; आणि नेरकडेही दहाने सुरू होणारा लूपबॅक असेल, तर दोन्ही टोकांकडून सारखाच दावा येतो आणि दारव्ह्याच्या राउटरला कोणते पॅकेट कुठे पाठवावे याचा पत्ता लागत नाही.

१९९३ पासून पत्त्यांचे वर्ग मोडीत काढून कोणत्याही लांबीचा मास्क वापरण्याची पद्धत रूढ झाली. त्याच वर्षी रिपची दुसरी आवृत्ती आली आणि तिच्या प्रत्येक नोंदीत मास्कची स्वतंत्र चार बाइटांची जागा आहे. १९९८ च्या आरएफसी २४५३ मध्ये ती आजच्या स्वरूपात सापडते. ही आवृत्ती लूपबॅकसाठी वेगळा नियम लावत नाही. सिस्कोचा ईआयजीआरपी हा प्रोटोकॉलही लावत नाही: /२४ लिहा, /२४ जाईल, /३२ लिहा, /३२ जाईल. या दोघांत अडचण येते ती स्वयंचलित सारांशाची, म्हणजे अनेक मार्ग आपोआप एका मोठ्या मार्गात मिळवण्याची. सारांश चालू असेल, तर मोठ्या नेटवर्काची हद्द ओलांडताना मास्क पुन्हा जुन्या वर्गाप्रमाणे होतो. ईआयजीआरपीमध्ये जुन्या सिस्को सॉफ्टवेअरात हा सारांश मुळातच चालू असे, नव्या आवृत्त्यांत तो मुळात बंद असतो, आणि त्यामुळे एकच पाठ्यपुस्तक एका यंत्रावर खरे ठरते तर दुसऱ्यावर खोटे. आयएस-आयएस या आणखी एका प्रोटोकॉलबद्दल फार सांगण्यासारखे नाही. तो लिहिलेली प्रिफिक्स लांबी (प्रिफिक्स म्हणजे पत्त्याचा सामायिक भाग, त्याची लांबी मास्क सांगतो) आहे तशी पोचवतो.

राहिला ओएसपीएफ, आणि विद्यार्थी अडतात ते इथेच. ओएसपीएफमध्ये प्रत्येक राउटर आपल्या सर्व जोडण्यांची एक यादी तयार करतो आणि ती संपूर्ण एरियाभर, म्हणजे ओएसपीएफने नेटवर्काचा जो गट पाडला आहे त्यात, पसरवतो. यादीतील प्रत्येक जोडणीला प्रकार असतो: दुसऱ्या राउटरशी थेट जोडणी हा पहिला, अनेक राउटर असलेले सामायिक नेटवर्क हा दुसरा, ज्याच्या पलीकडे राउटर नाही असे टोकाचे नेटवर्क हा तिसरा आणि आभासी जोडणी हा चौथा. लूपबॅक तिसऱ्या प्रकारात नोंदवला जातो. त्या नोंदीत दोन मुख्य रकाने आहेत. एरवी टोकाच्या नेटवर्कासाठी पहिल्यात नेटवर्काचा पत्ता आणि दुसऱ्यात त्याचा मास्क येतो. लूपबॅकसाठी मात्र पहिल्यात इंटरफेसचा स्वतःचा पूर्ण पत्ता आणि दुसऱ्यात सर्व ३२ बिट एक असलेला मास्क, म्हणजे २५५.२५५.२५५.२५५, घालावा असे १९९८ च्या आरएफसी २३२८ मध्ये स्पष्ट लिहिले आहे. तेव्हा नेरच्या टेबलातील /३२ हा बिघाडही नाही आणि कंपनीचा लहरीपणाही नाही, तो नियम आहे.

हा नियम असा का केला, याचे उत्तर मला या साऱ्या विषयात सर्वांत मनोरंजक वाटते. त्या दस्तऐवजात ‘लूपबॅक’ या शब्दाने जे अभिप्रेत आहे, ते आपण आज वापरतो तो सॉफ्टवेअरचा इंटरफेस नव्हेच. तिथे लूपबॅक ही खऱ्याखुऱ्या इंटरफेसची एक अवस्था आहे. लीज्ड लाइनच्या, म्हणजे भाड्याने घेतलेल्या कायम जोडणीच्या, काळात काम केलेल्यांना ती आठवेल: लाइन बिघडली की फोनवरून ‘तुमच्या मॉडेमला लूप टाका’ असे सांगत, म्हणजे पाठवलेला सिग्नल वळून परत येई आणि बिघाड कोणत्या टोकाला आहे हे कळे. अशा लूप टाकलेल्या इंटरफेसवरून नेहमीची वाहतूक होऊ शकत नाही, त्याच्या नेटवर्कातील इतर यंत्रे त्या वाटेने भेटू शकत नाहीत. परंतु तपासणीसाठी त्या इंटरफेसच्या पत्त्याला पिंग करता यावे, म्हणजे हाक मारून उत्तर येते का हे पाहता यावे, अशी सोय हवी असते. म्हणून संपूर्ण नेटवर्क जाहीर न करता केवळ त्या एका पत्त्याची वाट जाहीर करावी, असे ठरले. पुढे राउटरच्या आतील कायमस्वरूपी लूपबॅकलाही हाच नियम लागू झाला, आणि तो तिथे चपखल बसतो, कारण तिथेही पलीकडे कोणी राहत नाही. इतकेच की लाइनच्या परीक्षेसाठी लिहिलेले वाक्य आज जगभरातील राउटरांच्या ओळखपत्राचा आकार ठरवते.

सिस्कोच्या राउटरवर लूपबॅकची ओएसपीएफ माहिती मागितली, तर तो इंटरफेस टोकाचा एकटा होस्ट मानला आहे, असे वाक्य पडद्यावर येते, आणि नेटवर्क प्रकारासमोर ‘लूपबॅक’ लिहिलेले असते. हा नेटवर्क प्रकारच मुळाशी आहे. आयपी ओएसपीएफ नेटवर्क पॉइंट-टू-पॉइंट ही एक ओळ लूपबॅकवर दिली की राउटर त्याला साधी जोडणी समजू लागतो, आणि मग लिहिलेलाच मास्क दवंडीत जातो. नेरच्या टेबलात १०.२०.३०.०/२४ उमटते. वर्गात ही ओळ दिल्यावर टेबल पुन्हा उघडेपर्यंत मुले श्वास रोखून बसलेली असतात, आणि एकदा नेमकी त्याच क्षणी लाइट गेली होती.

कनेक्टेड मार्गांचे (राउटरच्या स्वतःच्या इंटरफेसांवरील नेटवर्कांचे) रीडिस्ट्रिब्यूशन करूनही, म्हणजे ते मार्ग ओएसपीएफमध्ये बाहेरून ओतूनही, /२४ बाहेर पाठवता येतो, पण तो बाह्य मार्ग म्हणून जातो आणि त्याचे स्थान एरियाच्या आतल्या मार्गांच्या खाली असते. निव्वळ मास्कसाठी ही वाट धरू नये, असे माझे मत आहे. एरियाच्या हद्दीवरील राउटरवर अनेक लूपबॅकांचा एकत्र सारांश करणे ही मात्र वेगळी आणि चांगली गोष्ट आहे. आयपीव्ही६ (१२८ बिटांचे पत्ते) साठीच्या ओएसपीएफच्या तिसऱ्या आवृत्तीतही लूपबॅकची तऱ्हा हीच आहे, फक्त तिथे /३२ च्या जागी /१२८ दिसतो.

पिंग दोन्ही वेळी चालतो, मग /२४ जाऊ दे नाहीतर /३२, आपल्याला काय फरक पडतो, असा प्रश्न एका विद्यार्थिनीने विचारला होता, आणि तो रास्त होता. १०.२०.३०.१ ला दोन्ही वेळी उत्तर येते. फरक इतरत्र पडतो.

पहिला फरक जुळवणीचा. पॅकेट पाठवताना राउटर सर्वांत लांब प्रिफिक्स निवडतो, म्हणजे /३२ असेल तर /२४ कडे पाहत नाही. /२४ ची दवंडी पिटली, तर न वापरलेल्या २५५ पत्त्यांसाठीची पॅकेटेही दिग्रसकडे खेचली जातात आणि तिथे जाऊन वाया जातात. /३२ असता ती नेरलाच, मार्ग नाही म्हणून, थांबली असती. बीजीपीत हाच प्रश्न वेगळ्या रूपाने येतो. बीजीपीच्या संदेशात प्रत्येक प्रिफिक्ससोबत त्याची लांबी जाते, पण सिस्कोवर ‘नेटवर्क’ या आज्ञेच्या ओळीत जाहिरातीसाठी लिहिलेला पत्ता आणि मास्क त्या राउटरच्या टेबलात तंतोतंत तसाच असावा लागतो. १०.२०.३०.० साठी /२४ ची ओळ दिग्रसवर लिहिली, तर चालते, कारण तिथे कनेक्टेड मार्ग /२४ आहे. तीच ओळ दारव्ह्यावर लिहिली, तर चालत नाही, कारण तिथे ओएसपीएफकडून आलेला /३२ आहे. तीच ओळ, तोच पत्ता, शेजारचा तालुका, आणि निकाल उलटा.

दुसरा फरक पत्त्यांच्या हिशोबाचा. यवतमाळ जिल्ह्यात १६ तालुके आहेत. प्रत्येक तालुक्याच्या राउटरला लूपबॅकसाठी एकेक /२४ दिला, तर १६ पत्त्यांसाठी ४०९६ पत्ते अडकतात. प्रत्येकाला /३२ दिला, तर सर्व १६ लूपबॅक एका /२८ मध्ये मावतात, आणि नेमके १६ मावतात, कारण /३२ च्या जगात नेटवर्क पत्ता (संपूर्ण नेटवर्काचे नाव) आणि ब्रॉडकास्ट पत्ता (सर्वांना एकदम हाक मारण्याचा) राखून ठेवण्याचे कारणच उरत नाही. त्या /२८ चा पहिला आणि शेवटचा पत्ताही लूपबॅकला देता येतो.

तिसरा फरक ज्याने एकदा भोगला आहे, तो विसरत नाही. मीही तो एका प्रत्यक्ष कामावर भोगला. कुठे आणि कोणाचे काम होते हे सांगण्याची गरज नाही, कारण चूक माझीच होती. तीन राउटर याच ओळीतले आहेत असे समजू. त्यांच्यावर एमपीएलएस चालू आहे, म्हणजे मधला राउटर आयपी पत्ता न पाहता पॅकेटवर चिकटवलेल्या लेबलावरून ते पुढे ढकलतो. कोणत्या प्रिफिक्ससाठी कोणते लेबल, हे शेजारी एकमेकांना एलडीपी या प्रोटोकॉलने सांगतात. दिग्रसच्या लूपबॅकवर मी सवयीने /२४ लिहिला होता. दिग्रसच्या दृष्टीने तो १०.२०.३०.०/२४ हा स्वतःचा कनेक्टेड मार्ग, म्हणून एलडीपीने त्याने दारव्ह्याला /२४ चे लेबल सांगितले. इकडे ओएसपीएफने दारव्ह्याला सांगितले होते १०.२०.३०.१/३२. दारव्ह्याचा राउटर /३२ साठी लेबल शोधत होता आणि दिग्रसने ते कधी दिलेच नव्हते. /२४ चे लेबल हातात होते, पण त्या नावाचा मार्ग टेबलात नव्हता. एलडीपी येथे तंतोतंत जुळणी मागतो, जवळपासचे चालवून घेत नाही.

परिणाम फसवा होता. नेरहून दिग्रसच्या लूपबॅकला पिंग जात होता, कारण दारव्ह्याने लेबल काढून साधे आयपी पॅकेट पुढे दिले की ते पोचते. त्यामुळे बीजीपीचे सत्रही उभे होते, मार्गांची देवाणघेवाण होत होती, देखरेखीच्या पडद्यावर सर्व हिरवे होते. ग्राहकाच्या व्हीपीएनचे, म्हणजे या नेटवर्कावरून नेलेल्या त्याच्या खासगी नेटवर्काचे, एकही पॅकेट मात्र पलीकडे जात नव्हते. त्या पॅकेटवर दोन लेबले असतात, वरचे रस्त्याचे आणि आतले ग्राहकाचे. दारव्ह्यापाशी रस्त्याचे लेबल संपले की आतले लेबल त्याच्या ओळखीचे नाही, आणि ग्राहकाच्या पत्त्यांशी त्याचा काही संबंध नाही, तेव्हा पॅकेट तिथेच टाकले जाते. मी अर्धी रात्र व्हीपीएनच्या रचनेत चूक शोधत होतो. शेवटी दारव्ह्याच्या लेबलांच्या तक्त्यात दिग्रसच्या लूपबॅकसमोर, बाहेर जाणाऱ्या लेबलाच्या रकान्यात, ‘नो लेबल’ ही दोन शब्दांची नोंद दिसली.

दुरुस्तीचे दोन मार्ग होते. लूपबॅक पॉइंट-टू-पॉइंट केला असता, तर ओएसपीएफनेही /२४ सांगितले असते आणि जुळणी झाली असती. परंतु त्याने सर्व राउटरांच्या टेबलातील नोंद बदलते, आणि कोणी /३२ लूपबॅकांवर गाळणी लावून ठेवली असेल, तर ती गाळणी नव्या नोंदीला आत येऊ देत नाही. दुसरा मार्ग, दिग्रसवर पत्ता तोच ठेवून मास्क २५५.२५५.२५५.२५५ करणे. मी तो केला. लॉगिन त्याच लूपबॅकवरून केलेले असेल, तर हा बदल करताना सत्र तुटून आपणच बाहेर फेकले जाण्याचा धोका असतो, म्हणून मी आधी पोर्टाच्या पत्त्यावरून पुन्हा लॉगिन केले. मास्क बदलला, एलडीपीने नवी जाहिरात पाठवली, आणि दारव्ह्याच्या तक्त्यात त्या ओळीसमोर ‘नो लेबल’ जाऊन ‘पॉप लेबल’, म्हणजे फक्त वरचे लेबल काढून पुढे द्या, असे आले.